कथील कुठून आलं, ते बिलावर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यात इलेक्ट्रॉनिक्सचे नवे कारखाने येणार, पोरांना काम मिळणार, अशा बातम्या आपल्या अंकात वाचते आणि मनापासून बरं वाटतं. मात्र या सगळ्या कारखान्यांत रोज वितळणाऱ्या एका धातूबद्दल कुणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी अठरा वर्षं खरेदी बघते. आम्ही सर्किट बोर्ड भरून देतो. चिप कुठल्याही कंपनीची असो, तिला बोर्डावर धरून ठेवतो तो सोल्डरचा टिपका. शिसं नसलेलं जे सोल्डर आम्ही वापरतो, त्यात शंभरातले साडेशहाण्णव भाग कथील, तीन भाग चांदी आणि अर्धा भाग तांबं असतं. जगात निघणाऱ्या कथिलापैकी निम्म्याच्या आसपास या एकाच कामाला लागतं. पितळी भांड्यांना कल्हई लावतात ते हेच.

युरोपातलं आमचं एक गिऱ्हाईक दरवर्षी एक्सेलमधला एक फॉर्म पाठवतं. सीएमआरटी म्हणतात त्याला, म्हणजे लढाईच्या भागातल्या खनिजांची माहिती द्यायचा नमुना. कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं कुठल्या भट्टीत गाळलं, त्या भट्टीचा क्रमांक काय, माल आफ्रिकेतल्या काँगोचा किंवा त्या देशाच्या शेजारच्या नऊ देशांतला आहे का, असे प्रश्न. यामागे 2010चा अमेरिकेचा कायदा आहे. काँगोच्या पूर्वेला बिसी नावाची कथिलाची खाण आहे. तिथे डोंगरात हाताने खोदणाऱ्या माणसांकडून बंदूकवाले वसुली करायचे आणि त्या पैशावर लढाई चालायची. ते थांबावं म्हणून ही विचारणा सुरू झाली. हेतू चांगलाच आहे.

पहिल्यांदा फॉर्म आला तेव्हा मी सोल्डर देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या पार्टीला दिलेला आहे तो पाठवतो. वरचं नाव आणि तारीख तेवढी बदला." मी बदलली. त्या यादीत चाळीसेक भट्ट्यांची नावं होती. आम्ही वर्षाला सोल्डरचे दोन-अडीच टन बार घेणारी माणसं, चाळीस भट्ट्यांचं कथील आमच्या सोल्डर वितळवायच्या एका पॉटमध्ये कुठून येणार? फॉर्म मात्र मंजूर झाला. पुढची तीन वर्षं मी तेच करत राहिले, आणि याची मला आज लाज वाटते.

पुढचं समजायला पॉटजवळ उभं राहावं लागतं. वेव्ह सोल्डरिंगच्या, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड सरकवायच्या मशीनच्या पॉटमध्ये अडीचशे अंशांच्या वर तापलेलं सोल्डर आरशासारखं चकाकत असतं. हवा लागली की त्यावर राखाडी साय धरते. ऑपरेटर दर शिफ्टला ती झाऱ्याने काढून डब्यात भरतो. आम्ही तिला ड्रॉस म्हणतो. दिसते राखेसारखी, पण डबा उचलून बघा, हात खाली जातो, कारण त्यात बराचसा धातूच असतो. भंगारवाला ती किलोवर नेतो, कुठेतरी ती गाळली जाते आणि तिचे पुन्हा बार होतात. धातू वाया जात नाही हे उत्तमच. पण फॉर्ममध्ये 'सगळा माल भंगारातून आला आहे का' असाही एक प्रश्न आहे, आणि तिथे एकदा 'हो' लिहिलं की खाणीचा विषयच मिटतो. नव्या मालात थोडं भंगार मिसळून तोच 'हो' कुणी लिहिला, तर मी तो कशाच्या आधारावर खोडून काढू? वितळलेल्या धातूवर गावाचं नाव राहत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. फॉर्मचा सगळा रोख लढाईवर आहे. आपल्या देशात बाहेरून येणारं कथील मुख्यतः इंडोनेशियाचं, आणि तिथलं कथील म्हणजे बांका आणि बेलितुंग ही बेटं. तिथे लढाई नाही. पण समुद्राचा तळ खरवडून, वाळू उपसून कथील काढतात, गाळ प्रवाळावर बसतो आणि मच्छीमार सांगतात की मासळी गेली. जमिनीवरच्या खड्ड्यांत कडा कोसळून मजूर गाडले जातात. माझं माहेर मालवणकडचं. खाडीत वाळूचे पंप लागले की पाणी किती दिवस गढूळ राहतं आणि होड्या कशा रिकाम्या परततात, ते मी लहानपणापासून बघितलं आहे. बांकाचे फोटो बघताना मला परकं काहीच वाटलं नाही. त्या समुद्राविषयी माझ्या फॉर्ममध्ये एक रकानाही नाही.

अशा ठिकाणांचा माल घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. 2010च्या सप्टेंबरात काँगोच्या राष्ट्राध्यक्षांनी पूर्वेकडच्या प्रांतांतलं खाणकाम सहा महिने बंद ठेवलं, बाहेरच्या कंपन्यांनीही हात आखडता घेतला, आणि उपाशी राहिली ती हाताने खोदणारी कुटुंबंच. आपल्याकडे गडचिरोली ओलांडलं की छत्तीसगडचा बस्तर. दंतेवाडा, सुकमा भागात आदिवासी नाल्याची वाळू पाण्यात धुऊन कथिलाची जड काळी खनिजं वेगळी करतात आणि सरकारी खरेदी केंद्रावर विकतात. देशात कथील काढणारं छत्तीसगड हे एकमेव राज्य. खरेदी केंद्र लांब पडलं की दलाल कमी भावात माल उचलतो. वाळू धुणाऱ्या माणसाला त्याच्या मेहनतीचा भाव मिळाला का, हेही आमच्यापर्यंत पोचायला हवं.

माझं मागणं एकच आहे. युरोपने 1 जानेवारी 2021 पासून ही चौकशी करण्याची जबाबदारी माल आयात करणाऱ्यांवर टाकली आहे. आपल्या केंद्र सरकारने 2023 साली कथिलाला महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घेतलं, मग हेही करावं. कथील बंदरात उतरतं तेव्हाच भट्टीचं नाव आणि खाणीचा जिल्हा कागदावर यावा, आणि तो कागद लॉट नंबरासह सोल्डर बनवणाऱ्याच्या बिलातून आमच्यापर्यंत यावा. बस्तरच्या मालालाही तोच नियम लागू करा. भंगारातून आलेल्या बारावर किती टक्के भंगार, ते लिहा. आयात करणारे मोजके आहेत, वापरणारे आमच्यासारखे असंख्य. ज्याला माहीत असतं त्याला विचारायचं सोडून आज सगळे शेवटच्या माणसाकडून सही घेतात.

यंदाचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. भट्ट्यांची ती यादी मी या वेळी उतरवलेली नाही. ज्या दोन भट्ट्यांचे कागद हातात आहेत तेवढीच नावं लिहिली, बाकीच्या मालापुढे 'माहिती मिळाली नाही' असं लिहिलं, आणि सोल्डरवाल्याला पाठवलेल्या तीन मेलच्या प्रती सोबत जोडल्या. गिऱ्हाइकाचं उत्तर अजून यायचं आहे.

आपली,
खरेदी विभागात काम करणारी एक वाचक
भोसरी, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)