टवी खोऱ्यातले किल्ले: मित्रास पत्र

स्वान्झी, वेल्स

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

वेल्समध्ये बघायच्या किल्ल्यांची तुझी यादी मिळाली. कॉनवी, कारनार्वन, हारलेख, बोमॅरिस, म्हणजे चारही उत्तरेतले. किल्ले देखणे आहेतच, 1986 पासून जागतिक वारशात आहेत. पण ते चारही एकाच माणसाने, इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने, वेल्स जिंकल्यावर बांधून घेतले. ते बघून तुला जिंकणारा कळेल. ज्यांची भूमी गेली ते कुठे राहत होते, कशाच्या जोरावर लढत होते, हे तिथे दिसत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या खेपेला दक्षिणेत, कार्मार्थनशायरमध्ये ये. इथे टवी नदीच्या खोऱ्यात वेल्श राजांचे किल्ले आहेत आणि जवळच खाडीच्या तोंडाशी नॉर्मनांचे, म्हणजे इंग्लंड जिंकून इकडे घुसलेल्या सरदारांचे. दोन्ही बाजू एकाच मुक्कामात बघून होतात.

सुरुवात किडवेलीपासून कर. रेल्वे स्टेशन आहे, गाडी नसली तरी अडत नाही. रॉजर नावाच्या सॅलिसबरीच्या बिशपने 1106 च्या सुमारास ग्वेनड्राएथ नदीकाठी इथे मातीचा बांध घालून लाकडी कोट उभारला. आजची दगडी तटबंदी नंतरची, पण तिने त्या जुन्या बांधाचाच अर्धगोल आकार धरलाय. नदीची बाजू सरळ, बाकी धनुष्यासारखी वाकलेली. आत दुसरा चौकोनी कोट आहे, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. महादरवाजा प्रचंड आहे, तो पुरा व्हायला 1422 उजाडलं.

पण आत शिरायच्या आधी दरवाजाबाहेरच्या स्मारकापाशी थांब. ते ग्वेनलियनचं आहे. ती उत्तरेतल्या ग्वेनेडच्या राजाची मुलगी, दक्षिणेतल्या देहायबार्थ राज्याच्या ग्रुफिडची बायको. 1136 मध्ये नवरा तिच्या वडिलांकडे कुमक मागायला गेलेला असताना नॉर्मन चालून आले, तेव्हा तिने स्वतः फौज घेतली आणि किडवेलीजवळ मॉरिस द लाँद्रच्या सैन्याला भिडली. ती पडली, एक मुलगा तिथेच मारला गेला, दुसरा कैद झाला. जिथे लढाई झाली त्या शिवाराला आजही मेस ग्वेनलियन, म्हणजे ग्वेनलियनचं रान म्हणतात. धाकटा रीस त्या वेळी जेमतेम चार वर्षांचा होता. पुढे हाच ‘लॉर्ड रीस’ झाला. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री वारल्यावर 1189 मध्ये त्याने खाडीकाठचे नॉर्मन किल्ले एकामागून एक घेतले, त्यात लान्स्टेफनही होता. त्याच रीसने 1176 च्या नाताळात कार्डिगनला कवींची आणि वादकांची मोठी स्पर्धा भरवली आणि विजेत्यांना मानाच्या खुर्च्या दिल्या. वेल्समध्ये कवीला खुर्ची देऊन गौरवायची चाल आजही आहे. आईच्या मरणातून उठलेला हा माणूस तलवार आणि कविता दोन्ही सांभाळत होता, हे मला फार मोठं वाटतं.

त्याच्या घराण्याची गादी दिनेवुरला. लॅनडायलो गावातून चालत जाता येतं, वाट जंगलातून चढते. वरचा गोल बालेकिल्ला तेराव्या शतकातला, बहुधा रीसच्या मुलाने बांधलेला. त्याच्या माथ्यावर खिडक्यांची जी बांधणी दिसते ती सतराव्या शतकातल्या जमीनदारांच्या हौसेची, तिला मध्ययुगीन समजू नकोस. तटावरून टवीची वळणं दिसतात, आणि राजधानी इथेच का केली हे वेगळं सांगावं लागत नाही.

ड्रस्लविनला आज फारसं उभं नाही. हिरवी टेकडी, तिच्यावर भिंतींचे तुकडे, पण गोष्ट जबरदस्त. इथला रीस अप मारेदिद दिनेवुर मिळेल या आशेने एडवर्डच्या बाजूने, आपल्याच लोकांविरुद्ध लढला. दिनेवुर काही मिळालं नाही. 1287 मध्ये त्याने बंड केलं, तर सुमारे 11,000 ची फौज या एवढ्याशा टेकडीभोवती बसली. मोठं दगडफेकी यंत्र ओढत आणलं, तटाखाली सुरुंग खणला, आणि भिंत वेळेआधी कोसळून इंग्रजांचेच काही सरदार तिच्याखाली गाडले गेले. गड पडला, रीस निसटला, 1292 मध्ये सापडला आणि यॉर्कला त्याला फासावर चढवलं. त्या टेकडीवरून समोर एक त्रिकोणी मनोरा दिसतो, पॅक्स्टनचा. कलकत्त्याच्या टांकसाळीवर काम करून गबर झालेल्या कंपनीच्या माणसाने इंग्रज आरमाराच्या नेल्सनच्या नावाने तो बांधला. बंगालचा पैसा इथे असा उभा आहे. मी तिथे दर वेळी थोडा वेळ बघत राहतो.

लान्स्टेफन संध्याकाळी कर, टवी समुद्राला मिळते तिथल्या टेकाडावर आहे. जास्त लिहीत नाही.

कारेग केनेनला मात्र पूर्ण दिवस ठेव. चुनखडीचा उभा कडा, खाली केनेन नदी, आणि कड्याच्या टोकावर गड. आत्ताचं बांधकाम एडवर्डच्या बाजूच्या जॉन गिफर्डने आणि त्याच्या मुलाने केलेलं, पण जागा वेल्श राजांची. पायथ्याच्या शेतघरात तिकीट काढ आणि बॅटरी घे. आतल्या कोटाच्या कोपऱ्यातून पायऱ्या उतरतात, मग कड्याच्या अंगाला बांधलेली, वरून कमान टाकलेली अरुंद वाट. बाहेरच्या झरोक्यांतून उजेड येतो, तो संपला की नैसर्गिक गुहा सुरू. पायाखाली ओला, गुळगुळीत दगड, डोकं सांभाळून वाकत जायचं, आणि शेवटी कातळातून झिरपणारं पाणी साठलेलं छोटं कुंड.

तू कुठल्याही गडावर पाय ठेवल्याबरोबर पाण्याचं टाकं शोधतोस, म्हणून हे सांगतोय. एवढ्याशा पाण्यावर शिबंदी तगली नसती. पावसाचं पाणी साठवायची टाकी वर वेगळी होती. मला वाटतं, ती वाट बांधली ती गुहा शत्रूच्या हाती जाऊन तटाखाली त्याला ठाण मांडता येऊ नये म्हणून. तू बघ आणि तुझं मत सांग. 1403 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वेल्श पुढाऱ्याने, ओवेन ग्लिनडूरने, या गडाला वेढा घातला होता. 1462 मध्ये, इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत लढाई चालू असताना, यॉर्क पक्षाने 500 माणसं पहारी-कुदळी देऊन लावली आणि गड पाडला, पुन्हा कुणी त्याचा आसरा घेऊ नये म्हणून. तरी जे उरलंय ते बघून छाती दडपते.

मे महिन्यात ये. दिवस मोठा असतो आणि दिनेवुरच्या जंगलात निळ्या फुलांचा गालिचा असतो. ड्रस्लविन आणि कारेग केनेनसाठी गाडी लागेल, ती मी चालवीन. ट्रेकिंगचे बूट आण, गवत कायम ओलं असतं. वहिनींना नमस्कार सांग, आणि तिकीट काढलंस की लगेच कळव, म्हणजे मी रजा टाकतो.

तुझा,
अनिकेत