कासच्या पठारावर भेटलेल्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्याबरोबर आलेल्या मुलांपैकी कुणाच्या वाचनात आलं तर ते तुमच्यापर्यंत पोचवतील.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. कासच्या पठारावर धुकं होतं आणि सीतेची आसवं ही फुलं नुकती उन्हाची वाट बघत होती. वाटेच्या कडेला, ओल्या जांभ्यावर मी पालथी पडून 'दवबिंदू' नावाच्या रोपाचा फोटो काढत होते. फोटो काढला, पडद्यावर मोठा करून बघितला, पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. तुम्ही बराच वेळ मागे थांबला होतात. मग विचारलंत, "ताई, ॲपर्चर किती ठेवलंय?" मी म्हटलं, "बत्तीस," म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक अगदी बारीक केलेलं. तुम्ही फक्त "हं" म्हणालात आणि खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलची फूटपट्टी काढलीत.

त्या सकाळी मी कुठल्या मनःस्थितीत होते, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. साठवलेल्या पैशातून १०० मिलिमीटरची, अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घेऊन आठ महिने झाले होते. सुरुवातीला मी एफ २.८ वर, म्हणजे भोक पूर्ण उघडं ठेवून, फोटो काढायचे. कोळ्याचा एक डोळा स्पष्ट यायचा आणि दुसरा धुक्यात. मग कुणीतरी सांगितलं, ॲपर्चर बारीक कर. ते मी अगदी टोकापर्यंत बारीक केलं, तर फोकसमध्ये सगळंच यायचं, पण कशालाच धार नसायची. दुरुस्तीच्या दुकानात लेन्स दाखवली, तर ती आतून हलली आहे म्हणाले आणि भला मोठा खर्च सांगितला. लेन्स विकून टाकायचं मनात जवळजवळ ठरलं होतं. कासला एकदा शेवटचं बघावं म्हणून आले होते.

तुम्ही फूटपट्टी दगडाला तिरकी टेकवलीत आणि मला तिचेच फोटो काढायला लावलेत. एकास एक मोठेपणा, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर. एफ २.८ ला मिलिमीटरची एकच रेघ स्पष्ट आली. एफ ८ ला एक पक्की आणि शेजारची जेमतेम. एफ ११ ला दोन. एफ ३२ ला पाच रेघा दिसत होत्या, पण पाचही कडेने विरघळलेल्या, टीपकागदावरच्या शाईसारख्या. लेन्समध्ये काहीही दोष नव्हता. शाळेत शिकलेलं विवर्तन होतं ते, बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं. एकास एकला ॲपर्चरचा आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो, त्यामुळे माझा ३२ हा खरा ६४ होता, हे तुम्ही हाताच्या बोटांवर समजावून सांगितलंत. मला आजवर कुणी इतक्या थोड्या शब्दांत काही शिकवलं नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. मी विचारलं, मग डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं ती खोली, वाढवायची कशी? तुम्ही म्हणालात, "वाढवायच्या मागे लागू नका. एक मिलिमीटर मिळालाय ना, तो कुठे ठेवायचा ते ठरवा." आणि कॅमेरा माझ्या हातातून न घेता, नुसत्या खुणा करून मला त्या रोपाभोवती अर्धं वर्तुळ फिरवलंत. दवबिंदूचं पान दोऱ्यासारखं बारीक आणि लांब. मी ते टोकाकडून टिपत होते, म्हणजे त्याची सगळी लांबी कॅमेऱ्यापासून मागे, खोलीच्या दिशेने जात होती. आडव्या बाजूने आल्यावर अख्खं पान सेन्सरला समांतर झालं. त्याच एफ ११ वर, त्याच दीड-एक मिलिमीटरच्या चकतीत, पानाचा कणा, त्यावरचे लाल केस आणि केसाकेसाच्या टोकावरचा चिकट थेंब, सगळं बसलं. एका थेंबाला चिलट चिकटलेलं होतं. जांभ्यावर पुरेसं नत्र मिळत नाही म्हणून हे रोप किडे खातं, हे मी वाचलं होतं. त्या थेंबातून चिलटाच्या पायापर्यंत ताणलेली तार मात्र तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

अजून एक. तुम्ही मला थोडं मागे सरकायला सांगितलंत. जिद्दीने जवळ जाण्यापेक्षा निम्म्या मोठेपणावर थांबलं, तर त्याच ॲपर्चरला तिप्पट खोली मिळते, दीडऐवजी चारेक मिलिमीटर; नंतर कडा कापून घेता येतात. आता फुलपाखरं मी बहुतेक अशीच काढते, पंख मिटलेले असताना, बाजूने, सकाळच्या गारव्यात ती जडावलेली असतात तेव्हा. ऑटोफोकस बंद करून श्वास सोडत हळूच पुढे-मागे डुलायचं आणि डोळा स्पष्ट झाला की बटण दाबायचं, हेही तुमचंच.

आणि या सगळ्यात तुमचं लक्ष माझ्या कोपरांवर होतं. "डाव्या कोपराखाली गेंदाचं रोप आहे" म्हणालात. मी दचकून हात उचलला. फोटोसाठी एक रोप चिरडलं, तर तो फोटो तुमच्या लेखी फोटोच नव्हता. त्या दिवसापासून कॅमेरा जमिनीवर टेकवण्याआधी मी तळहाताने आधी जागा चाचपून बघते.

मागच्या उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीत मेलेली मधमाशी सापडली. वारा नाही, हालचाल नाही. फोकसिंग रेलवर, म्हणजे कॅमेरा पुढे-मागे सरकवायच्या पट्टीवर, दर वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकवत एफ ५.६ ला चौदा फोटो घेतले आणि संगणकावर एकत्र केले. मिश्यांपासून पंखांच्या मुळापर्यंत सगळी माशी स्पष्ट आली. फार आनंद झाला. तरी खरं सांगते, जिवंत किड्यासाठी मला तुम्ही शिकवलेला एकच फोटो जास्त आवडतो, ज्यात निवडावं लागतं.

त्या सकाळच्या दवबिंदूची प्रत मोठी छापून तुमच्यासाठी पाकिटात ठेवली आहे. त्यात चिलटाचा पुढचा पाय आणि थेंबाची तार स्पष्ट आहे, मागचा पाय धूसर आहे. येत्या सप्टेंबरमध्ये पाकीट घेऊन पुन्हा कासला येते आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी