सारखेपणा नेमका कशातला?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जाझ पियानोवादकांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘बिल इव्हान्स आवडत असतील, तर अहमद जमालही आवडतील, कारण दोघांचे वादन शांत आहे’ ही त्यातील शिफारस नवख्या श्रोत्याला चकवणारी वाटते. दोघेही मोजके वाजवतात हे खरे. पण त्या मोजकेपणाची कारणे वेगळी आहेत, आणि पुढे कोणाला ऐकायचे हे त्या कारणांवरच ठरते.

इव्हान्स डाव्या हाताच्या कॉर्डमधून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटातून, बहुधा मूळ स्वरच वगळतात आणि तो बासवादकावर सोपवतात. त्यामुळे कॉर्ड तरंगती भासते, आणि बासवादकही नुसता ठेका न धरता पियानोशी बोलू लागतो. बासवादक स्कॉट लफारो आणि ड्रमवादक पॉल मोशियन यांच्यासह २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जाझ क्लबमध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणात हा संवाद स्पष्ट ऐकू येतो. (त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत लफारो मोटार अपघातात गेले, हे ठाऊक असले की ते ऐकणे जरा अवघडच होते.) जमाल यांची शांतता मात्र लयीची आहे. शिकागोच्या पर्शिंग हॉटेलमध्ये १९५८ साली झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात बास आणि ड्रम एकच आकृती घोळवत राहतात, पियानो मध्येच थांबतो आणि आपण त्याच्या परतण्याची वाट पाहत राहतो. तेव्हा जमाल आवडणाऱ्याने आधी पियानोवादक रेड गारलंड यांच्याकडे वळावे. जमाल यांच्यासारखे वाजवा, असे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी गारलंड यांना सांगितले होते. इव्हान्स आवडणाऱ्याची वाट फ्रेड हर्श किंवा इटलीचे एन्रिको पिएरानुन्झी यांच्याकडे जाते.

आर्ट टेटम आणि ऑस्कर पीटरसन यांच्याबाबत असा घोटाळा सहसा होत नाही, कारण तिथले साम्य बोटांच्या वेगातच कळते. थेलोनिअस मंक यांच्याबाबत तो हमखास होतो. त्यांचे खटकेबाज, बोचरे स्वर ऐकून लोक तसाच विक्षिप्तपणा शोधत फिरतात, आणि त्यांचा डावा हात न्यूयॉर्कमधल्या जुन्या हार्लेमच्या स्ट्राइड शैलीतून (डावा हात खालचा स्वर आणि वरची कॉर्ड यांत आलटून पालटून झेपावतो ती) आला आहे, याकडे दुर्लक्ष करतात. तो हात ज्यांना भावला, त्यांनी मागे जाऊन जेम्स पी. जॉन्सन ऐकायला हवेत. नाव नेहमी पुढच्या पिढीतलेच सुचवावे, असे कुठे आहे?

माझा स्वतःचा अनुभव असा, की समान शैलीचे वादक मला पियानोवादकांच्या याद्यांमधून फारसे सापडले नाहीत. ते साथीदारांच्या नावांवरून सापडले. इव्हान्स यांच्या अखेरच्या त्रयीतले बासवादक मार्क जॉन्सन पुढे पिएरानुन्झी यांच्यासोबत वाजवताना भेटले, तर मोशियन यांचा माग काढताना पॉल ब्ले आणि कीथ जॅरेट हे पियानोवादक गवसले. ऐकण्याच्या अ‍ॅपवरील ‘यांच्यासारखे इतर कलाकार’ ही सोय अशी वाट क्वचितच दाखवते, आणि पुष्कळदा मंद दिव्यात वाजवायच्या पार्श्वसंगीताकडेच नेऊन सोडते.

म्हणून एक विनंती आहे. यापुढे अशा लेखात प्रत्येक शिफारशीसोबत ध्वनिमुद्रणाचे वर्ष आणि बास व ड्रम वाजवणाऱ्यांची नावे छापावीत. दोन ओळी वाढतील, तेवढी एखादी विशेषणे कमी केली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक