मूर्तीचं वय आणि कार्बन डेटिंग

मा. संपादक,

स. न. वि. वि.

माळव्यात कुठे शेत नांगरताना दगडी मूर्ती निघाली की बातमीत एक वाक्य ठरलेलंच असतं, कार्बन डेटिंग केलं की वय कळेल. आपल्या पेपरातही बरेचदा वाचलंय म्हणून लिहितेय. दगडाचं वय कार्बन डेटिंगनं कळत नाही हो! जे कधीतरी जिवंत होतं त्याचंच कळतं, म्हणजे लाकूड, कोळसा, हाड, धान्य, सुती कापड. झाड जिवंत असतं तोवर हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार) घेत राहतं, मेलं की घेणं बंद आणि आतला हळूहळू कमी होत जातो, ५७३० वर्षांत निम्मा, त्यावरून सगळा हिशोब. विलार्ड लिबींना याच कामासाठी १९६० चं नोबेल मिळालं.

आता आपल्या इंदूरजवळचंच बघा. महेश्वरच्या समोर नर्मदेपलीकडे नावडातोली आहे, तिथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया सरांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं, जळालेल्या घरांचा कोळसा मिळाला, गहू-मसूर जळून काळे झालेले दाणे मिळाले आणि कोळशाच्या तपासणीतून ती वस्ती साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची निघाली. यात दाणा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो एकाच हंगामातला असतो, पण कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्यातला असला तर घर बांधलं त्यापेक्षा शे-दोनशे वर्षं आधीचा आकडा येऊ शकतो.

इंदूरच्या राजवाड्याच्या लाकडाचंही असं डेटिंग करा म्हणणारे भेटतात. त्याचा उपयोग नाही. १६५० नंतरच्या लाकडात एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळे काळ बसतात, तिथे होळकरांचे कागदच जास्त नेमकं सांगतील.

आणि कार्बन-१३ हा कार्बनचा आणखी एक प्रकार तर वेगळाच, तो कमी होत नाही, त्यामुळे वय सांगत नाही पण मधातली भेसळ पकडतो. ऊस आणि मका यांच्या साखरेत त्याचं प्रमाण बहुतेक फुलांच्या रसापेक्षा जास्त असतं, म्हणून ती मधात मिसळली की कळतं. तांदळाचं सिरप मात्र या टेस्टमधून निसटतं, त्याला दुसऱ्या टेस्ट कराव्या लागतात.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी "इतक्या हजार वर्षांपूर्वीचं" असं छापताना नमुना कशाचा होता, कुठल्या थरातला होता, लॅब कोणती आणि आकड्यापुढे अधिक-उणे किती वर्षं, हे बातमीदारांना जरूर विचारायला सांगा. दोन ओळी वाढतील, वाढू द्या.

आपली एक नियमित वाचक,
इंदूर