अंतराळ स्थानक घरच्या एफएम रेडिओवर ऐकू येत नाही

संपादक महोदय,

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज ‘घरातल्या साध्या एफएम रेडिओवर’ ऐकता येतो, असे आपल्या रविवार पुरवणीतील विज्ञानविषयक लेखात म्हटले होते. घरातला एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि स्थानकावरचा हौशी रेडिओ १४५.८०० व ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. लेख वाचून गच्चीवर गेलेल्या मुलांच्या हाती खरखरच लागणार आणि तीही स्थानकाची नसणार. काम मुळात अवघड नाही, फार खर्चिकही नाही. काही गोष्टी मात्र नेमक्याच असाव्या लागतात.

रिसीव्हर म्हणून आरटीएल-एसडीआर हा, लॅपटॉपलाच रेडिओ बनवणारा यूएसबी डोंगल आणि एक लॅपटॉप पुरतो. डोंगल घेताना त्यात टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदलले तरी वारंवारता ढळू न देणारा क्रिस्टल, आहे का, हे पाहावे. तो असेल तर वारंवारतेतली चूक दहा लाखांत एक भाग, म्हणजे ४३७ मेगाहर्ट्झला अर्धा किलोहर्ट्झसुद्धा नाही. स्वस्त नकलेत पन्नास भागांची चूक सहज निघते, म्हणजे जवळजवळ २२ किलोहर्ट्झ. मग माणूस भलत्याच जागी कान लावून बसतो आणि दोष अँटेनाला देतो. ऑनलाइन मिळणाऱ्या वॉकीटॉकीसारख्या स्वस्त सेटवरही स्थानक ऐकू येते, पण त्याला बोलायचे बटण असते. या पट्ट्यांत बोलायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागतो. नुसते ऐकायचे असेल तर प्रक्षेपण करूच न शकणारा रिसीव्हर बरा. शाळेत तर तोच न्यावा.

अँटेना घरी होते. ४९ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या सळ्या घ्या आणि त्या १२० अंशांच्या कोनात, जमिनीला समांतर, पीव्हीसी पाइपावर बसवा. एका सळईला केबलची मधली तार, दुसरीला वरची जाळी. दोन्ही सळ्या एकमेकींना टेकू देऊ नका. ४३७ हा आकडा १४५.८ च्या जवळजवळ तिप्पट असल्याने याच सळ्या वरच्या पट्ट्यातही कामचलाऊ चालतात, मात्र तिथे ही अँटेना काही दिशांना बहिरी होते. त्या पट्ट्यासाठी १६ सेंटिमीटरच्या सळ्यांची वेगळी जोडी केलेली चांगली.

केबलच्या बाबतीत पुस्तकी सल्ला फसवतो. रेडिओवाले ५० ओहमची आरजी-५८ सुचवतात, पण ४३७ मेगाहर्ट्झला तिच्या दहा मीटरमध्ये अर्ध्याहून अधिक सिग्नल वाया जातो. केबल टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ तेवढ्याच लांबीत जेमतेम एक तृतीयांश खाते. ओहम न जुळल्याने होणारे नुकसान त्यापुढे नगण्य आहे. डोंगलला जोडण्यापुरता एक ॲडॉप्टर लागतो, इतकेच.

आता वेळेचे गणित. स्थानक सुमारे ४२० किलोमीटर उंचीवर असते, क्षितिजावर मात्र ते आपल्यापासून २,३०० किलोमीटरहून दूर असते. त्यामुळे डोक्यावरचा सिग्नल क्षितिजावरच्यापेक्षा सुमारे तीस पट जोरकस. स्थानकाच्या आपल्या आकाशातल्या एका फेरीला पास म्हणतात. नवख्याने क्षितिजापासून ४० अंशांपेक्षा वर चढणारा पासच निवडावा. पास जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटांचा असतो. वेळ सांगणारे ॲप जागतिक वेळ दाखवते की भारतीय, हे आधी तपासा. साडेपाच तासांच्या या घोळात कित्येक पास हुकतात. कक्षेची माहितीही ताजी हवी, कारण स्थानकाची उंची अधूनमधून इंजिन चालवून वाढवली जाते.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते डॉप्लरपाशी, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे वारंवारता सरकते तिथे. ४३७.८०० चा सिग्नल पासच्या सुरुवातीला ४३७.८१० वर सापडतो, मध्यावर जागेवर येतो आणि शेवटी ४३७.७९० पर्यंत उतरतो. पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायरीने खाली येत राहावे. डोक्यावरून जाताना हे फार झपाट्याने घडते, म्हणून तेव्हा हात माउसवरच हवा. १४५.८०० वर हाच फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आत असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. सॉफ्टवेअरमध्ये साधा, अरुंद एफएम आणि १५ किलोहर्ट्झ रुंदी ठेवा. आकाशवाणीसाठीचा रुंद एफएम लावला तर आवाज खरखरीत बुडतो. स्क्वेल्च, म्हणजे कमजोर सिग्नलला आवाज दाबणारी सोय, बंद ठेवा.

एवढे करूनही काही ऐकू आले नाही, तर गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ते, कमी करून पाहा. मुंबई-पुण्यात एफएम केंद्रांचे सिग्नल इतके तगडे आहेत की पूर्ण गेनवर डोंगल गुदमरतो. गरज पडल्यास ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर अँटेना आणि डोंगल यांच्या मध्ये घाला. लॅपटॉपचा चार्जर काढा, जवळचे एलईडी दिवे बंद करा. आणि स्थानकावरचा रेडिओ सुरू आहे का, हेही बघा: स्पेसवॉकच्या किंवा यान जोडण्याच्या वेळी तो बंद ठेवतात. स्थानक आवाजाच्या रूपात चित्रेही पाठवते, पण ती काही ठराविक दिवशीच, १४५.८०० वर येतात. पीडी-१२० पद्धतीच्या एका चित्राला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. रोबोट-३६ हे मोफत ॲप असलेला मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरला तरी चित्र उमटते.

लेखात भारताच्या हॅमसॅट या हौशी रेडिओ उपग्रहाचा उल्लेख हवा होता. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर तो सोडला आणि २०१४ मध्ये बॅटऱ्या गेल्याने तो थांबला. याउलट १९७४ चा एओ-७ हा हौशी रेडिओ उपग्रह. त्याची बॅटरी १९८१ मध्ये शॉर्ट झाली आणि तो मुका झाला. पुढे तोच शॉर्ट सुटला, २००२ मध्ये उपग्रह पुन्हा बोलू लागला आणि तेव्हापासून ऊन असेल तेव्हा थेट सौरपट्ट्यांवर चालतो. तो ऐकायला सॉफ्टवेअरमध्ये एफएमऐवजी एसएसबी ही पद्धत लावावी लागते. डोंगलला तेही जमते.

पाठलाग नको असेल त्याने क्यूओ-१०० धरावा. २०१८ मध्ये सोडलेला हा भूस्थिर उपग्रह मुंबईहून पश्चिम-नैऋत्येला, साधारण ३३ अंशांवर कायम असतो. जुनी डीटीएचची डिश चालते. डिशसमोरच्या एलएनबीवर, म्हणजे सिग्नल खालच्या वारंवारतेला उतरवणाऱ्या डबीवर, ९७५० हा आकडा छापलेला पाहून घ्यावा. नुसते १०६०० असेल तर उपयोग नाही. ९७५० वाल्यातून सिग्नल ७३९.५ ते ७४० मेगाहर्ट्झवर उतरतो. एलएनबीचा १२-१३ व्होल्टचा पुरवठा बायस-टीमधूनच, म्हणजे केबलमधून वीज फक्त एलएनबीकडे पाठवणाऱ्या जोडणीतूनच द्या. तो थेट डोंगलमध्ये शिरला तर डोंगल जळतो. एलएनबी जागच्या जागी बराच तिरका फिरवावा लागतो. आवाज वाढेल तिथे थांबवा.

शेवटी एक विनंती. स्थानक डोळ्यांना दिसण्याच्या वेळा आपण अधूनमधून छापता. त्या फक्त पहाटेच्या आणि संध्याकाळच्या असतात. रेडिओला अंधार लागत नाही, भर दुपारचा पासही तितकाच चांगला. तेव्हा ४० अंशांवर जाणारे सगळे पास भारतीय वेळेत, उगवण्या-मावळण्याच्या दिशांसह छापावेत. या वेळा रोज साधारण २०-२५ मिनिटांनी अलीकडे सरकतात, म्हणून आठवड्याचे एकदम न देता दोन-तीन दिवसांचेच द्यावेत.

आपला,
एक परवानाधारक हॅम, पुणे