डोळा काढला म्हणजे संपले?

मुलांमधील रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगावरील आपला लेख वाचला. बाहुलीतल्या पांढऱ्या चमकेविषयी त्यात नेमके लिहिले आहे. मात्र ‘डोळा काढला की मूल बरे’ हे वाक्य खटकले. बहुतेक मुले बरी होतात, हे खरेच. पण काढलेल्या डोळ्याच्या तपासणीत गाठ दृष्टीच्या नसेत खोलवर शिरलेली आढळली, तर पुढे केमोथेरपी लागते. डोळ्याच्या खोबणीत आजार उलटलाच, तर बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत; बसवलेला कृत्रिम डोळा नीट न बसणे ही त्याची खूण असू शकते.

आमच्या वाडीतल्या एका मुलाचा कृत्रिम डोळा धुतल्यावर नीट बसेना, पापणीही फुगलेली. ‘मूल वाढतंय, डोळा लहान झाला असेल’ असे म्हणत घरच्यांनी महिना काढला. लावणीचे दिवस, मुंबईच्या फेरतपासणीची तारीख आधीच चुकलेली. तुतारी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन तीन दिवसांची मजुरी बुडते, त्यांना तरी काय बोलणार?

लसीकरणाच्या तारखा आशासेविका घरी येऊन सांगतात. तालुक्यात अशी मुले मोजकीच. त्यांच्या फेरतपासणीच्या तारखाही आशासेविकांच्या वहीत नोंदवाव्यात, आणि आपण पुढच्या लेखात न बसणाऱ्या कृत्रिम डोळ्याबद्दल दोन ओळी द्याव्यात.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, देवगड