दिवाळी अंकासारखे पुस्तक वाचायला काय हरकत आहे?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की पुरवण्यांमध्ये आणि समाजमाध्यमांवर ‘या वर्षी वाचलेली पुस्तके’ अशा याद्या येऊ लागतात. कुणाची ५२, कुणाची ७५, कुणी शतक ठोकलेले. त्या याद्यांतून एखादे नवे नाव कळते हे खरे, आणि ग्रंथखरेदीच्या वेळी आम्हा वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांनाही त्या उपयोगी पडतात. पण याच आकड्यांचा परिणाम जानेवारीत देवघेवीच्या टेबलावर दिसतो. वर्गणीदार फळीवरून पुस्तक काढतो आणि सगळ्यात आधी शेवटचे पान उलटून बघतो, किती पानांचे आहे ते. साडेपाचशे पानांची कादंबरी जागच्या जागी जाते आणि एकशे चाळीस पानांची नोंदवहीत चढते.

पुस्तके मोजणे हे खरे तर आमचे काम. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात, त्यात ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या पाहिली जाते, म्हणून आकडे ठेवावेच लागतात. मात्र पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारीखपट्टीवरच्या शिक्क्यावरून एवढेच कळते की पुस्तक घरी गेले आणि परत आले. मधल्या पंधरा दिवसांत काय झाले ते कळते आत राहून गेलेल्या खुणेवरून. बसचे तिकीट, गोळ्यांचे रिकामे पाकीट, लग्नपत्रिकेचा फाडलेला काठ. अशा खुणा बहुधा पहिल्या तीस-चाळीस पानांतच सापडतात. परत देताना मात्र वाचक नजर चुकवत म्हणतो, ‘वाचलं, छान आहे.’ अर्धवट सोडलेले पुस्तक म्हणजे ताटात टाकलेले अन्न, असे कुठे तरी मनात बसलेले असते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. या पाचांत कुठेही ‘पुस्तक संपवावे’ असे म्हटलेले नाही. चौथ्या सूत्रातला वेळ वाचवायचा आहे तो पुस्तक शोधण्याचा. वाचण्याचा वेळ वाचवून करायचे काय?

आता थोडा हिशेब. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकात पानाला साधारण तीस ओळी आणि पावणेतीनशे-तीनशे शब्द बसतात. सावकाश, मनात वाचणाऱ्याला असे पान दोनेक मिनिटे घेते. म्हणजे दोनशे पानांना साडेसहा-सात तास. रोज अर्धा तास दिला तर तेरा-चौदा दिवस, आणि वर्षाला फार तर सव्वीस-सत्तावीस पुस्तके. आठवड्याला एक असे ५२ करायचे तर एकही दिवस न चुकवता रोज जवळजवळ तासभर बसावे लागेल. नोकरी, मुले, आजारपण, लग्नसराई सांभाळणाऱ्याला ते जमत नाही, यात त्याच्या वाचनाचे काही कमी नाही. आणि सहाशे पानांचे एक पुस्तक चाळीस दिवस घेऊन आकड्यात भर घालते एकाची. अशा हिशेबात जाड पुस्तक मागे पडणारच.

याउलट दिवाळी अंक पाहा. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने काढलेला अंक हा पहिला दिवाळी अंक मानला जातो, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे मराठी माणूस हा प्रकार वाचतो आहे. कसा वाचतो? आधी चाळतो. हास्यचित्रे बघून घेतो. मग शेवटाकडे जाऊन आपली रास. नंतर अनुक्रमणिकेवर बोट फिरवून ओळखीचे नाव, मग एखादी कथा, दुपारी पडल्या पडल्या एखादा दीर्घ लेख, कविता राहिल्या तर राहिल्या. दोनशे-अडीचशे पानांचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत क्रमाने वाचणारा माणूस आम्हाला भेटायचा आहे. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एकरकमी वर्गणी भरून लोक दोन-तीन महिने अंक बदलून नेतात, आणि ‘किती संपवले?’ असे कुणी कुणाला विचारत नाही. गंमत म्हणजे एवढे वाचन करूनही वर्षअखेरच्या यादीत एकही दिवाळी अंक नसतो. तो ‘पुस्तक’ नाही ना!

ललित लेख, व्यक्तिचित्रे, पत्रे, कथासंग्रह, प्रवासवर्णने, चरित्रांतली प्रकरणे एवढ्या साऱ्यांना हीच पद्धत लागू पडते. कथासंग्रहातली तिसरी कथा आधी वाचली म्हणून काही बिघडत नाही. कादंबरी तेवढी क्रमाने वाचावी. रहस्यकथेचे तर सांगायलाच नको.

लोक कादंबरीत अडकतात, त्याची कारणे मात्र नीट पाहण्यासारखी आहेत, कारण ‘माझ्यात चिकाटी नाही’ हे त्यांतले सगळ्यात क्वचित खरे असते. पहिले कारण छपाई. खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेल्या जुन्या आवृत्त्यांत खिळे झिजलेले असतील तर अनुस्वार उडतो, रफार तुटतो, वेलांटीचे टोक उमटत नाही. ओळीओळीला डोळा ठेचकाळतो आणि वाचक समजतो की पुस्तकच कंटाळवाणे. त्यातून पुस्तकाची पुनर्बांधणी झालेली असेल तर शिवण आतला समास खाते आणि ओळीच्या कडेची अक्षरे घडीत जातात. अशा वेळी नवी आवृत्ती आहे का ते विचारावे. तीच कादंबरी मोकळ्या छपाईत भराभर पुढे सरकते.

दुसरे कारण माणसांची गर्दी. मोठ्या कौटुंबिक कादंबरीत पहिल्या पन्नास पानांत दहा-बारा माणसे येतात आणि एकच माणूस आईच्या तोंडी ‘बाळ्या’, वहिनीच्या तोंडी ‘भावजी’ आणि कचेरीत ‘बाळकृष्णराव’ असतो. दोन बोटे रुंदीची जाड कागदाची पट्टी घ्यावी, तिच्यावर नाव, नाते, गाव असे लिहीत जावे आणि तीच खूण म्हणून वापरावी. साठाव्या पानानंतर पट्टीकडे बघावे लागत नाही. तिसरे कारण बोली. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीत लिहिलेले पुस्तक डोळ्यांनी वाचताना जड जाते. पहिली आठ-दहा पाने मोठ्याने वाचावीत, कानाला लय सापडली की जीभ थांबवावी. शेवटी शब्दसूची दिलेली आहे का तेही आधी बघून ठेवावे, अनेकांना ती पुस्तक संपल्यावर दिसते. चौथे, प्रस्तावना. तीस-चाळीस पानांची विद्वत्तापूर्ण प्रस्तावना ही बहुधा पुस्तक वाचलेल्यांसाठीच लिहिलेली असते, त्यात कथानकही फोडलेले असते. ती शेवटी वाचावी.

आणि पाचवे, पडलेला खंड. आठवडाभर पुस्तक उघडले नाही की खुणेच्या पानापासून पुढे वाचताना धागा लागत नाही, दोन पानांत कंटाळा येतो आणि पुस्तक कायमचे मिटते. खुणेपासून सुरुवात न करता त्या प्रकरणाच्या आरंभापासून करावी. सात-आठ पाने पुन्हा वाचली जातात, म्हणजे पंधरा मिनिटे. मोजदाद करणाऱ्याला ही पंधरा मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात, तिथेच त्याची गाडी अडते.

एवढे करूनही पुस्तक लागत नसेल तर सोडावे. सोडण्याआधी तीन ठिकाणी वाचून पाहावे: आरंभीची दहा पाने, साधारण एक-तृतीयांशावरची चार, आणि मधल्या एखाद्या प्रकरणाची सुरुवात. कुठेच पाय अडकला नाही तर परत करावे आणि वहीत पान क्रमांक लिहून ठेवावा. अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत दोष अनुवादाचाही असू शकतो, त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद असल्यास तो मागावा. उलट पुस्तक आवडते आहे पण मुदत संपते आहे, तर धावत वाचू नये. दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तर मुदतवाढ सहसा मिळते, अनेक ठिकाणी फोनवरही. विलंबशुल्काच्या धाकाने शेवटची शंभर पाने एका रात्रीत उरकणारे वाचक पाहिले की वाईट वाटते, कारण चांगल्या कादंबरीत लेखकाने जीव ओतलेला असतो तो तिथेच.

वही मात्र जरूर ठेवावी. शंभर पानी पुरते. डावीकडे पुस्तक आणि पान क्रमांक, उजवीकडे तिथला एक शब्द, वाक्य किंवा मनात आलेली शंका. सुरू केल्याची तारीख लिहावी, संपवल्याची लिहिली नाही तरी चालते. पुस्तकांना क्रमांक घालू नयेत, क्रमांक घातला की वहीची यादी होते.

न संपणाऱ्या वाचनाची आपल्याकडे वाण नाही. चातुर्मासात देवळात पोथी लावतात, एक जण वाचतो आणि वीस जण ऐकतात. वाचली कुणी म्हणायची? दासबोधात वीस दशक, प्रत्येकी दहा समास. रोज एक समास धरला तर दोनशे दिवस लागतात, आणि वर्षअखेरच्या यादीत त्याचा आकडा एक. सप्ताहाला पारायण करणारे सात दिवसांत ग्रंथ पुरा करतात, तो संकल्पाचा भाग झाला. पण पुढच्या वर्षी तोच ग्रंथ पुन्हा घेतात, नवा आणत नाहीत. मराठी विश्वकोशाचे वीस खंड किंवा मोल्सवर्थचा १८५७ चा कोश कोण संपवणार? एक शब्द बघायला कोश उघडावा आणि शेजारच्या चार शब्दांत अर्धा तास जावा, यासारखे सुख नाही. कवितासंग्रहाचे तर यादीच्या नादात हालच होतात. ऐंशी पाने, त्यातली निम्मी कोरी, तासाभरात ‘झाला’. एक कविता तीन दिवस वाचावी: एकदा मनात, एकदा मोठ्याने, एकदा वहीत उतरवून घेताना. उतरवताना कवीने ओळ कुठे तोडली आहे ते हाताला कळते.

मोजण्याला आमचा सरसकट विरोध नाही. मोबाइलमुळे वाचनाची सवय तुटलेल्या माणसाला सुरुवातीचे तीन-चार आठवडे काही तरी टेकू लागतो. त्याने मिनिटे मोजावीत. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे, फोन दुसऱ्या खोलीत. सवय लागली की घड्याळही बंद करावे. पुस्तके वाचण्याच्या ॲपमध्ये वार्षिक उद्दिष्ट घालण्याची सक्ती नसते, ती जागा रिकामी ठेवता येते. किंडलवर पानाच्या तळाला दिसणारी टक्केवारी आणि ‘उरलेला वेळ’ही लपवता येतो, त्याने बराच फरक पडतो.

राहता राहिल्या शाळा. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. उपक्रम चांगलाच आहे. पण त्याला ‘सर्वाधिक पुस्तके वाचणारा विद्यार्थी’ अशी स्पर्धा जोडली की काय होते ते सांगतो. मुले सोळा पानांच्या, पिना मारलेल्या पुस्तिकांवर तुटून पडतात. तक्त्यात शीर्षक, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि पाच ओळींचा सारांश भरायचा असतो, सारांश मलपृष्ठावरून उतरतो. एकच आवडते पुस्तक सहा वेळा वाचणाऱ्या मुलीच्या खात्यावर एकच पुस्तक लागते. वास्तविक सहाव्या वाचनापर्यंत तिला त्यातली वाक्ये पाठ झालेली असतात आणि तिच्या निबंधात ती वाक्यरचना उतरू लागलेली असते. तक्ता ठेवायचाच असेल तर त्यात तीन रकाने पुरेत: कोणते पान आवडले, कोणता शब्द नवीन मिळाला, पुस्तक सोडले असेल तर कुठे आणि का. तिसरा रकाना भरणाऱ्याचे गुण कापू नयेत. आणि बक्षीस द्यायचे तर वर्गासमोर एक उतारा नीट वाचून दाखवणाऱ्याला द्यावे. त्यासाठी मुलाला तो उतारा घरी चार-पाच वेळा तरी वाचावाच लागतो.

आपल्याला विनंती एवढीच की यंदाच्या वर्षअखेरच्या पुरवणीत वाचकांकडून पुस्तकांची संख्या न मागवता एकेक पान मागवावे. पुस्तकाचे नाव, आवृत्ती, पान क्रमांक आणि त्या पानाबद्दल साठ शब्द. अर्ध्या पानात असे पंधरा-सोळा मजकूर सहज बसतील. पान क्रमांकाबरोबर आवृत्तीचा उल्लेख आवर्जून हवा, कारण आवृत्ती बदलली की पाने बदलतात आणि मग ते पान शोधत आलेल्या वाचकापुढे आमची पंचाईत होते.

पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर शाळांबद्दलचा परिच्छेद तेवढा ठेवावा.

आपले,
एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातील देवघेव विभागाचे कर्मचारी